बखरीबाहेरचे ड्रीम थिएटर

१९८६ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या काही तरुणांनी सहा गाण्यांची एक डेमो कॅसेट तयार केली आणि तिच्या हजार प्रती काढल्या. बँडचे नाव तेव्हा ‘मॅजेस्टी’ होते. गिटारवर जॉन पेट्रुची, बेसवर जॉन म्युंग, ड्रमवर माइक पोर्टनॉय, कीबोर्डवर पेट्रुचीचा बालमित्र केविन मूर आणि गायला ख्रिस कॉलिन्स. यातले पहिले तिघे आदल्याच वर्षी बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात एकत्र आले होते. सहा महिन्यांत सगळ्या कॅसेटी संपल्या आणि खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. ज्याला मूळ कॅसेट मिळाली नाही त्याने ती असलेल्याकडून प्रत करून घेतली, त्या प्रतीवरून तिसऱ्याने, तिसऱ्याकडून चौथ्याने. कोणत्याही कंपनीने ढुंकून पाहण्याआधी या पोरांचे नाव मेटलच्या जगात प्रतींच्या प्रतींवरून पसरले. पुढे लास वेगासमधल्या याच नावाच्या बँडने कोर्टाचा धाक दाखवला, तेव्हा पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावच्या एका चित्रपटगृहाचे नाव सुचवले आणि बँडचे ‘ड्रीम थिएटर’ झाले. मेटलचा दणका आणि सत्तरच्या दशकातल्या येस, जेनेसिस, रश वगैरे मंडळींच्या लांबलचक, ताल बदलत जाणाऱ्या रचना यांच्या संकराला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. त्या शैलीतले सर्वांत ठळक नाव म्हणून आज हेच घेतले जाते.

या बँडचा इतिहास सांगणारे सहसा तो आल्बमच्या खांबांवर उभा करतात: १९८९चा ‘व्हेन ड्रीम अँड डे युनाइट’, १९९२चा ‘इमेजेस अँड वर्ड्स’, १९९४चा ‘अवेक’, १९९७चा ‘फॉलिंग इन्टू इन्फिनिटी’, १९९९चा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’. कार्यक्रमात बसून चोरून केलेली मुद्रणे, बाहेर फुटलेले डेमो, फॅन क्लबच्या सभासदांपुरत्या काढलेल्या तबकड्या ही मग त्या इतिहासाची परिशिष्टे ठरतात. हौशी संग्राहकांनी कुरवाळत बसावीत अशी. हा क्रम उलटा आहे, असे माझे म्हणणे आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा प्रस्तावनेत बखरींची चांगलीच झडती घेतली होती. बखर मागाहून लिहिलेली, कुणाच्या तरी आज्ञेवरून, कुणाला तरी रुचेल अशी. सनावळीचा घोळ तिला खपतो. अस्सल पत्र त्या दिवशीचे आणि त्या कामापुरते असते, पुढे ते कोण वाचील याची फिकीर लिहिणाऱ्याला नसते. अधिकृत आल्बम, त्यातही अधिकृत लाइव्ह आल्बम, ही बखर आहे आणि चोरटी कॅसेट हे पत्र. ड्रीम थिएटरच्या बाबतीत मात्र मी याच्याही पुढे जाईन. इथे पत्रांनी इतिहास नुसता नोंदवला नाही, तो काही अंशी घडवलाही. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांतला बँडचा एक मोठा निर्णय लोकांच्या हाती आधीच पोचलेल्या कॅसेटींमुळे झाला, आणि दुसऱ्या एका निर्णयाचा अर्थ त्यांच्याशिवाय लागत नाही.

ही चाल अर्थात या बँडच्या आधीची. बॉब डिलनची प्रकाशित न झालेली गाणी १९६९ साली ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावाने दोन तबकड्यांवर बाजारात आली, तिथून रॉकमधल्या चोरट्या तबकड्यांचा धंदा सुरू झाला असे मानतात. त्याला समांतर, पण वेगळ्या नीतीची वाट ग्रेटफुल डेडच्या श्रोत्यांनी पाडली: मुद्रण करायचे, अदलाबदल करायची, पण विकायचे नाही. त्या बँडने तर १९८४ साली मुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखून दिली. मेटलवाल्यांना अशी राखीव जागा नव्हती. त्यांचे काम टोपीच्या काठाला किंवा कॉलरला खोवलेले दोन बारके मायक्रोफोन, शर्टाच्या आतून नेलेली वायर आणि खिशातला रेकॉर्डर यांवर चाले. मुद्रण करणाऱ्याने टाळ्या वाजवायच्या नाहीत, सोबत गायचे नाही आणि मानही फिरवायची नाही, कारण मान फिरली की मुद्रणात गिटार डावीकडून उजवीकडे सरकते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. तीन-तीन मिनिटांची गाणी वाजवणाऱ्या बँडपुढे यात काही अडत नाही. दहा आणि वीस मिनिटांच्या रचना वाजवणाऱ्यांपुढे मात्र बाजू उलटायची कुठे हा मोठाच प्रश्न असतो. जाणता माणूस गाण्यांची यादी ताडून दोन गाण्यांमधल्या बोलण्यात ती उलटी. नवशिक्याच्या कॅसेटवर ऐन सोलोत खट्‌ आवाज होऊन पुढचे काही क्षण गायब. दोन तास अखंड चालणारी डॅट ही डिजिटल फीत आली तेव्हा हा ताप संपला. मग घरी प्रती काढणे. डबीतल्या कागदावर हाताने तारीख, गाव, गाण्यांचा क्रम, मुद्रण प्रेक्षागृहातले की थेट साउंडबोर्डवरून घेतलेले, आणि प्रत कितव्या पिढीची, हे सगळे लिहायचे. पिढीगणिक फितीची फुसफुस वाढते. चौथ्या-पाचव्या पिढीला झांजा कुठे संपतात आणि फुसफुस कुठे सुरू होते ते कळेनासे होते, म्हणून पिढी लपवणारा लबाड समजला जाई. ज्याच्याकडे बदल्यात द्यायला काही नाही त्याने कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवायचा. पैसे मागणारा वाळीत. कागदपत्रांची ठिकाण-तारखेसह नोंद ठेवण्याची ही शिस्त आपल्याकडच्या काही सरकारी दप्तरखान्यांनाही साधलेली नाही.

अधिकृत बखर आणि अस्सल पत्र यांतले अंतर मोजायला १९९३ हे साल सोयीचे आहे. ‘इमेजेस अँड वर्ड्स’ने बँडला नाव मिळवून दिले होते. ‘पुल मी अंडर’ हे आठ मिनिटांचे गाणे काटछाट होऊन का होईना, पण अमेरिकेतल्या रॉक रेडिओवर वाजत होते, आणि गायक म्हणून कॅनडाचा जेम्स लाब्री आता स्थिरावला होता. २३ एप्रिल १९९३ रोजी लंडनच्या मार्की क्लबात झालेल्या कार्यक्रमातून ‘लाइव्ह अ‍ॅट द मार्की’ हा त्यांचा पहिला अधिकृत लाइव्ह आल्बम निघाला. त्यावर सहाच तुकडे आहेत, जेमतेम पाऊण तासाचे. पण बखरीतूनही कधी कधी खरे निसटून बाहेर येते. पहिल्या आल्बमवर चार्ली डोमिनिसी या गायकाने गायलेले ‘द किलिंग हँड’ इथे लाब्रीच्या गळ्यातून येते, आणि त्याला ‘अनदर हँड’ नावाची वाद्यांची नवी प्रस्तावना जोडलेली आहे. तिसऱ्या क्रमांकावर कोणत्याही स्टुडिओ आल्बमवर नसलेला, आयत्या वेळी रंगवलेला वाद्यांचा एक तुकडा आहे आणि त्याचे नाव आहे ‘बॉम्बे विंडालू’. मुंबई आणि विंडालू यांची अशी मोट बांधणे हा लंडनच्या करी-हाउसचा भूगोल. म्हापशाचा माणूस हे नाव ऐकून कपाळाला हात लावील. ते असो. वहीत मांडलेल्या गणितासारखे वाजवतात अशी ज्यांची ख्याती, ते १९९३ साली भर कार्यक्रमात मोकळी जागा सोडत होते, हे या तुकड्यामुळे कळते. अधिकृत तबकडीवर त्याचा नमुना मात्र एकाच रात्रीचा. अशी जागा दुसऱ्या गावी, दुसऱ्या दिवशी कशी भरली जाई, हे पाहायला कॅसेटींशिवाय मार्ग नाही.

त्याच काळातला दुसरा पुरावा अधिक बोचरा आहे. ‘इमेजेस अँड वर्ड्स’चा निर्माता डेव्हिड प्रेटर याने ड्रमच्या आवाजाला ट्रिगर लावले होते, म्हणजे काठी पडली की तिचा स्वतःचा आवाज झाकून आधीच ठरवलेला नमुना वाजायचा. त्यामुळे स्नेअरवरचा प्रत्येक घाव सारख्याच वजनाचा ऐकू येतो. पोर्टनॉयने या आवाजाबद्दलची नाराजी पुढे कधी लपवली नाही. घाव हलका-जड करणे हीच ज्याची भाषा, त्या ड्रमरचा हात बँडच्या सर्वांत गाजलेल्या आल्बमवर नीट ऐकू येत नाही. ऐकायचा तर त्या दौऱ्यातल्या कॅसेटींकडे जावे लागते, मग त्यांवर कितीही फुसफुस असो. आवाजाची प्रत वाईट म्हणून ही मुद्रणे निकामी, असे जे म्हणतात ते चांगला आवाज आणि खरा आवाज यांत गल्लत करतात.

आता कॅसेटींमुळे झालेल्या त्या पहिल्या निर्णयाकडे येऊ. ‘अ चेंज ऑफ सीझन्स’ ही रचना बँडने १९८९च्या सुमारास बांधली. शब्द पोर्टनॉयचे, आणि त्यांमागे विमान अपघातात गेलेली त्याची आई. ‘इमेजेस अँड वर्ड्स’मध्ये ती यायची होती, पण लांबीपायी गळाली. एरवी इथेच तिचा शेवट झाला असता. कंपनीच्या कपाटात पडून राहिलेल्या अशा रचना रॉकच्या इतिहासात खंडीभर सापडतील. पण बँड ती अधूनमधून कार्यक्रमांत वाजवत राहिला आणि ती कॅसेटींवर चढली. कॅसेटींनी ती अशा गावी नेली जिथे बँड स्वतः कधी पोचला नव्हता. परिणामी कोणत्याही दुकानात न मिळणारे गाणे हजारो लोकांना माहीत, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली. चाहत्यांनी एकत्र येऊन ते अधिकृतपणे मुद्रित करावे असा सह्यांचा अर्जच केला. १९९५ साली कंपनीने ते काढले, तेवीस मिनिटांची रचना, सोबत लंडनच्या रॉनी स्कॉट्स जॅझ क्लबात ३१ जानेवारी १९९५ रोजी वाजवलेली इतरांची गाणी. व्यापारी हिशेबाने हे अजबच होते. तेवीस मिनिटांचे गाणे रेडिओवर वाजत नाही, त्याचे सिंगल निघत नाही. कंपनीला मागणीची खात्री पटली ती एकाच कारणाने: जी वस्तू बाजारात नव्हती तिचे गिऱ्हाईक आधीच तयार होते, आणि ते चोरट्या प्रतींनी तयार केले होते.

यावर एक आक्षेप संभवतो. कॅसेटी नसत्या तरी बँडने ती रचना कधीतरी काढलीच असती, कारण पोर्टनॉयचा तिच्यावर जीव होता. शक्य आहे. पण मग ती केव्हा आणि कशी आली असती? १९९५ची रचना ही १९८९ची नव्हे. दरम्यान तिचे तुकडे बदलले, नवे जोडले गेले, ती लांबली. जुने रूप टिकले आहे ते सुरुवातीच्या मुद्रणांवर. दोन्ही शेजारी ठेवून ऐकली की विशीच्या पोरांचे हातघाईचे कौशल्य आणि सहा वर्षांनंतरचा ठेहराव यांतला फरक कानाला कळतो. बखर फक्त दुसरे रूप देते, आणि तेच पहिल्यापासून तसे होते असा समज करून देते.

दुसरा निर्णय १९९९चा. त्याचे मूळ मात्र १९९६-९७च्या भांडणात आहे. ‘फॉलिंग इन्टू इन्फिनिटी’साठी बँडने दोन तबकड्या भरतील इतके साहित्य तयार केले होते. कंपनीला एकच तबकडी हवी होती आणि तीही रेडिओला मानवेल अशी. ‘यू ऑर मी’ हे गाणे डेस्मंड चाइल्ड या व्यावसायिक गीतकाराच्या हाताखालून गेले आणि ‘यू नॉट मी’ होऊन बाहेर आले. ‘बर्निंग माय सोल’च्या पोटातला वाद्यांचा भाग कापून ‘हेल्स किचन’ या नावाने वेगळा काढला गेला. ‘रेज द नाइफ’, ‘व्हेअर आर यू नाऊ’, ‘द वे इट यूज्ड टू बी’ वगैरे गाणी सरळ वगळली. आणि वगळलेल्यांत एकवीस मिनिटांचा, जवळजवळ संपूर्ण वाद्यांचाच एक डेमो होता, ‘मेट्रोपोलिस’चा दुसरा भाग. १९९२च्या आल्बमवर ‘मेट्रोपोलिस’च्या नावापुढे ‘भाग पहिला’ हे शब्द पेट्रुचीने गमतीने लिहिले होते. चाहत्यांनी ती गंमत गंभीरपणे घेतली आणि दुसऱ्या भागाचा तगादा लावला. ‘फॉलिंग इन्टू इन्फिनिटी’ आला तेव्हा तो ऐकणारा वर्ग कोरा नव्हता. न्यू जर्सीतल्या ओल्ड ब्रिज इथे १४ डिसेंबर १९९६ रोजी बँडने अजून न निघालेली अनेक गाणी वाजवून दाखवली होती, आणि काय गळाले, काय बदलले हे लोक ताडून पाहू शकत होते. नुसता आल्बम ऐकणाऱ्याला वाटेल की बँड थकला होता. डेमो ऐकणाऱ्याला कळते की बँड भरात होता, त्याला आवरले गेले होते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण १९९९च्या ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’चे सगळे स्पष्टीकरण त्यावर अवलंबून आहे. प्रचलित कथा अशी की नवा कीबोर्डवादक जॉर्डन रुडेस आला, कंपनीने ढवळाढवळ न करण्याचे कबूल केले आणि एका झटक्यात सत्त्याहत्तर मिनिटांची अखंड कथा जन्मली. या कथेत रुडेसचा वाटा खरा, आणि कंपनीने मोकळीक दिली हेही खरे. पण तो ‘झटका’ खरा नव्हे. एकवीस मिनिटांच्या डेमोत पुढच्या आल्बमचे कितीतरी मोहरे आणि तालबंध ओळखू येतात. आल्बमचा आराखडा तीन वर्षे आधी, रुडेसच्या आधी डेरेक शेरिनियन कीबोर्डवर असताना पडला होता. हा डेमो चाहत्यांमध्ये फिरला नसता, तर अधिकृत तबकड्यांच्या आधारे लिहिणाऱ्या इतिहासकाराने १९९७ला अधोगती आणि १९९९ला चमत्कार अशी मांडणी केली असती, आणि अनेकांनी खरोखरच तशी केली आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. एकच राग भीमसेन जोशींनी दोन मैफलींत कसा मांडला हे ऐकायला कुणी दोन फिती जपल्या, तर त्याला कारण विचारावे लागत नाही. राग दर वेळी नवा उभा राहतो. ग्रेटफुल डेडच्या बाबतीतही तसेच. पण ड्रीम थिएटर तर बसवलेले संगीत बसवल्याबरहुकूम वाजवतात. त्यांची कीर्तीच मुळी अवघड गोष्टी बिनचूक वाजवण्याची. मग शंभरावी कॅसेट नव्याण्णवाव्या कॅसेटीहून काय वेगळे सांगणार? आक्षेपात तथ्य आहे, आणि एकाच आठवड्यातली चार मुद्रणे साठवणाऱ्याला तो लागूही पडतो. पण तो सूर-मात्रांपुरता विचार करतो, कार्यक्रमाचा नाही. पोर्टनॉय बँडमध्ये असेपर्यंत गाण्यांची यादी तो स्वतः करी आणि ती वरचेवर बदले. त्या गावी मागच्या खेपेला काय वाजवले होते ते पाहून तेच ताट पुन्हा वाढायचे टाळी. पॅरिसच्या बाताक्लाँ थिएटरात २५ जून १९९८ रोजी मुद्रित झालेल्या ‘वन्स इन अ लाइव्हटाइम’वर ‘अ चेंज ऑफ सीझन्स’चे तीन तुकडे करून ते कार्यक्रमभर विखुरलेले आहेत. म्हणजे रचना तीच ठेवून तिची जागा बदलायची, आणि जागा बदलली की अर्थ बदलतो. रॉनी स्कॉट्समधल्या त्या रात्री मॅरिलियनचे स्टीव्ह हॉगार्थ आणि स्टीव्ह रॉदरी, येसचा स्टीव्ह हाउ, इतकेच काय नेपाम डेथचा बार्नी ग्रीनवेसुद्धा मंचावर आले होते. अधिकृत तबकडीवर त्यांचा मागमूस नाही.

आणि मग २००२पासूनचा तो वेडेपणा. एकाच शहरात लागोपाठ दोन कार्यक्रम असले की दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुठल्या बँडचा अख्खा आल्बम वाजवायचा: बार्सिलोनात मेटालिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’, पॅरिसमध्ये आयर्न मेडनचा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’, २००५ साली लंडनमध्ये पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. या मालिकेतला सर्वांत बोलका प्रसंग जानेवारी २००६चा. ओसाकात बँडने डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ वाजवला. आता हा आल्बम मुळात लाइव्ह, ऑगस्ट १९७२मध्ये ओसाका आणि तोक्यो इथे मुद्रित झालेला. म्हणजे एका बँडने दुसऱ्या बँडच्या कार्यक्रमांचे मुद्रण तेहतीस वर्षांनी त्यांतल्याच एका शहरात जाऊन वाजवून दाखवले. गाणे वाजवणे वेगळे आणि मुद्रण वाजवणे वेगळे. हे दुसरे काम, विशिष्ट मुद्रणाच्या खाणाखुणा लहानपणापासून पाठ असलेल्या श्रोत्यालाच सुचते. कॅसेटींच्या चालीने घडवलेली माणसे श्रोत्यांत होती तशी मंचावरही होती, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

नैतिक आक्षेपाला इतक्या सहज उत्तर देता येत नाही. कलावंताने काय बाहेर काढावे हे त्याने ठरवावे, हा त्याचा हक्क आहे, आणि ‘इतिहासाचे साधन’ म्हणून त्याच्या घरात शिरता येत नाही. कायदाही हळूहळू याच दिशेने गेला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत परदेशी कलावंतांच्या परदेशातल्या कार्यक्रमांना पुरेसे संरक्षण नव्हते, त्यामुळे तिथल्या दुकानांत चोरट्या सीडी उघड विकल्या जात. फिल कॉलिन्सच्या १९८३मधल्या कॅलिफोर्नियातल्या कार्यक्रमाची अशीच एक सीडी युरोपीय न्यायालयापर्यंत गेली, आणि २० ऑक्टोबर १९९३ रोजी न्यायालयाने सदस्य देशांच्या नागरिकांत राष्ट्रीयत्वावरून असा भेद करता येणार नाही असा निकाल दिला. कॉलिन्स ब्रिटिश होता म्हणून त्याला न्याय मिळाला. अमेरिकी बँडला या निकालाचा थेट उपयोग नव्हता. पण १९९४च्या डिसेंबरात अमेरिकेनेही संमतीविना केलेले कार्यक्रमाचे मुद्रण बेकायदा ठरवले, आणि १९९५पासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारांनी उरलेली फट बरीचशी बुजवली. विकणाऱ्यांविरुद्ध हे सगळे योग्यच होते, आणि अदलाबदल करणाऱ्यांचे त्यात फारसे काही बिघडले नाही, कारण त्यांची वाट बाजारातून जात नव्हती.

तरी एक कॅसेट अशी आहे की जी ऐकताना आक्षेप घेणाऱ्याची बाजू पटते. १९९४च्या अखेरीस क्यूबात सुटीवर असताना लाब्रीला अन्नातून विषबाधा झाली, आणि ओकाऱ्यांच्या जोराने त्याच्या स्वरतंतूंना इजा झाली. दौरे थांबले नाहीत. आवाज पूर्ववत व्हायला कित्येक वर्षे लागली, हे पुढे त्यानेच सांगितले आहे. २८ ऑक्टोबर १९९५च्या तोक्योच्या कार्यक्रमात उंच स्वर गाठताना होणारी त्याची ओढाताण लपत नाही. कुणाचे असे दुखणे जगभर वाटावे का? पण हेच मुद्रण २००४ साली बँडने स्वतः प्रकाशित केले. असे करण्याचा हक्क त्यांचा होता, श्रोत्यांचा नव्हता, हे मान्य करूनही एक गोष्ट उरते: अधिकृत आल्बमवरून त्या वर्षांतल्या लाब्रीला नावे ठेवणाऱ्यांना त्याच्यावर काय गुदरले होते ते समजले, ते या मुद्रणांमुळे.

स्वतःच्याच चोरट्या मुद्रणांना आपलेसे करण्याची कल्पना नवी नव्हती. फ्रँक झापाने १९९१ साली ‘बीट द बूट्स’ या मालिकेत आपल्यावर निघालेल्या चोरट्या तबकड्याच उचलून अधिकृतपणे विकल्या होत्या, आणि पोर्टनॉय झापाचा भक्त. ड्रीम थिएटरच्या फॅन क्लबने १९९६पासून दर नाताळला सभासदांना एक तबकडी भेट द्यायला सुरुवात केली. १९९९च्या तबकडीवर तर कपाट झाडून काढावे तशी वगळलेली गाणी एकत्र आली. २००३ साली पोर्टनॉयने ‘य्त्सेजॅम रेकॉर्ड्‌स’ काढले. नाव म्हणजे ‘मॅजेस्टी’ची रोमन अक्षरे उलट्या क्रमाने. त्यातून १९८५-८६चे डेमो, अनेक आल्बमांचे डेमो आणि निवडक कार्यक्रम ‘ऑफिशियल बूटलेग’ म्हणून एकामागून एक आले. ‘फॉलिंग इन्टू इन्फिनिटी’चे डेमो २००७मध्ये. आता सगळे अधिकृत झाले, मग जुन्या कॅसेटींचे काम संपले, असे यावर कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. पोर्टनॉयचा संग्रह अफाट आणि निवड बहुधा चोख होती, पण निवड त्याची होती. कोणत्या रात्री जगायच्या आणि कोणत्या नाहीत, हे बँडमधल्याच एकाने ठरवले. पेशव्यांच्या कारभाऱ्याने आपले दप्तर नीट लावून दिले तर इतिहासकार त्याचे आभार मानील, पण गावोगावच्या वाड्यांतले रुमाल सोडणे बंद करणार नाही.

दुर्मीळपणाचाही इथे थोडा विचार करायला हवा, कारण संग्राहक दोन वेगळ्या गोष्टींना एकच भाव देतात. न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममधल्या ३० ऑगस्ट २०००च्या कार्यक्रमाचा ‘लाइव्ह सीन्स फ्रॉम न्यूयॉर्क’ हा तीन तबकड्यांचा संच ११ सप्टेंबर २००१ रोजीच दुकानांत आला, आणि त्याच्या मुखपृष्ठावर सफरचंदावरच्या ज्वाळांत न्यूयॉर्कच्या इमारती होत्या, जुळे मनोरेही. संच मागे घेऊन नव्या मुखपृष्ठासह काढावा लागला. विकल्या गेलेल्या पहिल्या प्रती आज दुर्मीळ आणि महाग आहेत, पण आत वाजते ते अक्षरशः तेच. हा दुर्मीळपणा पुठ्ठ्याचा आहे. ओल्ड ब्रिजच्या कार्यक्रमाचा दुर्मीळपणा एका कामाच्या मधल्या अवस्थेचा होता, आणि तो अधिकृत तबकडी निघाल्यावर, कुणालाही विकत मिळू लागल्यावरसुद्धा कमी झालेला नाही.

सप्टेंबर २०१०मध्ये पोर्टनॉय बँड सोडून गेला आणि त्याच्यासोबत य्त्सेजॅमची मालिकाही थांबली. २०२१पासून इनसाइडआउट या कंपनीने त्यातली बरीचशी मुद्रणे, काही नव्यांची भर घालून, ‘लॉस्ट नॉट फरगॉटन आर्काइव्हज’ या नावाने पुन्हा काढली. माइक मँजिनी ड्रमवर असतानाच्या दौऱ्यांत पडद्यावरची दृश्ये, दिवे आणि संगीत एकमेकांना बांधले गेले, आणि गाण्यांची यादी एका दौऱ्यापुरती जवळपास कायमची झाली. याच काळात प्रेक्षागृहातला प्रत्येक हात मोबाइल उंचावू लागला. मुद्रणांची संख्या कधी नव्हती इतकी वाढली आणि अदलाबदलीची चाल मात्र विरळ झाली. दोष मोबाइलला दिला जातो, पण कारण यादीत आहे असे मला वाटते. लीड्‌समध्ये जे वाजले तेच ल्योंमध्ये वाजणार असेल तर कोणी कुणाला काय पाठवायचे? २०१४च्या दौऱ्यात वीस वर्षांत कधीच न वाजवलेले ‘स्पेस-डाय व्हेस्ट’ यादीत आले तेव्हा पहिल्या कार्यक्रमाची मुद्रणे लोकांनी हातघाईने मिळवली. तिसऱ्या-चौथ्या कार्यक्रमानंतर ती कुणी मागत नव्हते, आणि मार्चमध्ये बोस्टनच्या ऑपेरा हाउसमध्ये तेच गाणे अधिकृतपणे चित्रित झाले. ऑक्टोबर २०२३मध्ये पोर्टनॉय परतला. पुढच्या वर्षी बँडच्या चाळिशीचा दौरा निघाला, कार्यक्रम जवळपास तीन तासांचा. यादी मात्र गावोगाव बहुतेक तीच राहिली.